मधुमेहात मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइड बरी की डापाग्लिफ्लोझिन?

तुम्ही विचारलंत: वडील 62 वर्षांचे, मेटफॉर्मिन चालू असूनही एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 8.2, डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड जोडली आणि शेजारी म्हणतात डापाग्लिफ्लोझिनच घ्या. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. गोळी बदलायची ती तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

नुसती साखर उतरवायची तर दोन्ही चालतात. अमेरिकेतल्या 'ग्रेड' अभ्यासात (निकाल 2022) मेटफॉर्मिन घेणाऱ्या 5,047 जणांना ग्लिमेपिराइड, सिटाग्लिप्टिन, लिराग्लुटाइड किंवा ग्लार्जिन इन्सुलिन यांपैकी एक जोडून दिलं होतं. साखर चारही गटांत उतरली, ती आटोक्यात ठेवण्यात शेवटची दोन इंजेक्शनं थोडी सरस ठरली. साखर धोकादायकरीत्या घसरण्याचं प्रमाण मात्र ग्लिमेपिराइडच्या गटात सर्वांत जास्त, 2.2 टक्के. डापाग्लिफ्लोझिनचा गट त्यात नव्हताच, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचा थेट निकाल तिथे मिळत नाही.

ग्लिमेपिराइड स्वस्त आणि जोरकस. पण जेवण चुकलं तरी ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच. वडील एकादशी, चतुर्थी धरत असतील तर हे डॉक्टरांना आधी सांगा. सकाळी गोळी आणि दुपारपर्यंत फक्त चहा, हा प्रकार मला काउंटरवर वारंवार ऐकू येतो. घाम, थरथर, भोवळ आली की लगेच साखरपाणी द्यायचं. वजनही थोडं वाढतं.

डापाग्लिफ्लोझिन जादा साखर लघवीवाटे काढते. एकटी किंवा मेटफॉर्मिनसोबत असताना साखर फार खाली जाण्याची भीती कमी, वजन जरा उतरतं. हृदय कमकुवत असेल किंवा लघवीतून प्रथिनं जात असतील, तर माझं मत सरळ हिच्या बाजूने. तिथे तिचा फायदा साखरेपलीकडचा आहे. 2020 मध्ये भारतातलं पेटंट संपल्यापासून किंमतही आवाक्यात आली. त्रास म्हणजे लघवीच्या जागी बुरशीची खाज. उलट्या-जुलाब, कडक उपवास किंवा ऑपरेशन असेल तेव्हा ती थांबवायची का, हे आधीच विचारून ठेवा. (लघवीच्या रिपोर्टात साखर भरपूर दिसेल. घाबरू नका, औषधाचं कामच ते.)

तिसरा पर्याय ग्लिप्टिन गटाच्या गोळ्यांचा (वरची सिटाग्लिप्टिन त्यातलीच). त्या सौम्य. वयस्कर, एकट्या राहणाऱ्यांना मला त्या बऱ्या वाटतात.

पुढच्या भेटीआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) तपासून घ्या. हे दोन आकडे हातात असले की डॉक्टरांशी बोलणं सोपं जाईल.