‘प्रकल्पग्रस्त’: गिळलेल्यांचा शब्द

प्रश्न असा आला आहे: जलविद्युत प्रकल्पांच्या तोट्यांवर लिहिताना ‘विस्थापित’ आणि ‘प्रकल्पग्रस्त’ आलटूनपालटून वापरले तर चालतील का?

नाही. ही सरमिसळ ऐकून कान किटले आहेत. विस्थापित म्हणजे जागेवरून उठवलेला. तिथे बोलण्यासारखं फार नाही. गंमत ‘ग्रस्त’मध्ये आहे. कोशकार ‘पीडित’ असा अर्थ देऊन मोकळे होतात, पण धातू आहे ग्रस्, गिळणे. ग्रस्त म्हणजे गिळलेला. जेवणातला आपला घासही याच ‘ग्रास’चा. काही जण तो ‘घस्’ धातूकडे नेतात. तोही खाण्याचाच धातू, संस्कृतात ‘घास’ शब्दही आहे, पण तो गुरांच्या चाऱ्याचा! तोंडात मावेल एवढं माप ‘ग्रास’लाच आहे. ग चा घ कसा झाला म्हणाल, तर तोंड भरलेलं असताना बोलून पाहा.

आता ग्रहणातला खग्रास. यातला ‘ख’ म्हणजे आकाश. ग्रहणाचा ग्रास सूर्य-चंद्राच्या बिंबापेक्षा मोठा असेल, तर बिंब झाकून वर जेवढं आकाश झाकलं जाईल त्याला जुन्या ग्रहगणितात ‘खच्छन्न’ म्हणत. खग्रास त्यातलाच. बिंब गिळूनही भूक उरते ती.

धरणाचं बिंब म्हणजे बुडीत क्षेत्र. ब्राझीलमधल्या बाल्बिना धरणाने जेमतेम 250 मेगावॅटसाठी दोन हजारांहून जास्त चौरस किलोमीटर जंगल पाण्याखाली घातलं. कुजणाऱ्या झाडांतून मिथेन हा हवा तापवणारा वायू निघाला तो वेगळाच. पण ग्रास पाण्याच्या रेषेवर थांबत नाही. 1970 मध्ये पुऱ्या झालेल्या इजिप्तमधल्या आस्वानच्या उंच धरणाने वरच्या अंगाच्या न्युबिया प्रदेशातली गावं उठवली, ते विस्थापित. नाईलचा गाळ मात्र जलाशयातच अडकला. खाली त्रिभुज प्रदेशाचा किनारा झिजू लागला, शेतकऱ्याला खत विकत घ्यावं लागलं आणि नदीच्या मुखाजवळची सार्डिनची मासेमारी कोसळली. तिथला कोळी घरातून हलला नव्हता. त्याला विस्थापित कसं म्हणणार? तो ग्रस्त.

जागतिक धरण आयोगाने 2000 मध्ये मोठ्या धरणांच्या विस्थापितांचा अंदाज 4 ते 8 कोटी दिला. हा कोळी त्यात नाही. (त्याच अहवालात धरणांचा खर्च अंदाजापेक्षा सरासरी 56 टक्क्यांनी वाढल्याचं आहे; म्हणजे अंदाजपत्रकही ग्रस्तच.)

‘प्रकल्पबाधित’ हे सरकारी कागदांतलं लाडकं रूप मला मुळीच मान्य नाही. बाधते थंडी. दोन दिवस अंगावर काढली की जाते.

आणखी एक. प्रकल्प जाहीर झाल्यापासून पाणी चढेपर्यंत कधीकधी वर्षानुवर्षं जातात. नियोजित रेषेखाली कोणी रस्ता करत नाही, शाळा बांधत नाही, पडक्या भिंतीला गिलावा करत नाही. ग्रहणाआधीच्या अशा काळाला पंचांगात ‘वेध’ म्हणतात. त्या काळात अडकलेल्यांसाठी ‘वेधग्रस्त’ हा शब्द सुचवतो. व्याकरणवाले भांडायला येतील. येऊ देत.