कन्सल्टिंगमधून असेट मॅनेजमेंटमध्ये (म्हणजे लोकांचे पैसे गुंतवणाऱ्या, म्युच्युअल फंडासारख्या कंपन्यांत) जाता येतं का?

येतं, पण ४-५ वर्षं कन्सल्टिंग केलं म्हणून थेट फंड मॅनेजर कोणी करत नाही, आधी रिसर्च अ‍ॅनालिस्ट (कंपन्यांचा अभ्यास करून शेअर घ्यावा की विकावा ते सांगणारा) म्हणूनच शिरावं लागतं. तुमची खरी ताकद म्हणजे सेक्टरची समज. फार्मा, रिटेल, बँकिंग, ज्यात जास्त प्रोजेक्ट केलेत तोच सेक्टर धरा. कमी पडतं ते व्हॅल्युएशन, म्हणजे कंपनीची योग्य किंमत काढणं, कारण कन्सल्टिंगमध्ये आपण कंपनी चांगली कशी होईल ते सांगतो आणि इथे प्रश्न असतो की चांगली आहे हे मान्य, पण या किमतीला घ्यायची का, आणि बाजाराला जे दिसत नाही ते तुम्हाला काय दिसतंय.

सीएफए (गुंतवणूक क्षेत्रातली व्यावसायिक परीक्षा) करा, ३ लेव्हल आहेत, पहिली पास झालात तरी तुम्ही सिरियस आहात हे कळतं. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचं म्हणजे २-३ शेअर्सवर स्वतः मॉडेल (कंपनीच्या पुढच्या कमाईचा आकड्यांतला अंदाज) बनवून नीट रिपोर्ट लिहा, त्यातला एक तरी ‘विका’ म्हणणारा असू द्या, इंटरव्ह्यूत त्यावरच खोदून विचारतात. फक्त ज्या क्लायंटचं काम केलंय त्यांचे शेअर्स आणि आतली माहिती यापासून लांबच राहा, तो इनसायडर ट्रेडिंगचा मामला होतो.

आकडे आवडत नसतील तर याच असेट मॅनेजमेंट कंपन्यांत स्ट्रॅटेजी, प्रॉडक्टचे रोलही असतात, तिथे एंट्री बरीच सोपी आहे.