डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुंता काना इथे बग्गी चालवणार आहात? मग हे वाचा

बग्गी म्हणजे घोड्याची नव्हे, कच्च्या रस्त्यावर पळवायची छोटी उघडी मोटारगाडी. पहिलीच वेळ ना? मग पांढरे कपडे हॉटेलातच राहू द्या. ऊन असेल तर पुढच्या बग्गीची धूळ थेट नाकातोंडात जाते आणि पाऊस पडून गेला असेल तर डबक्यातला चिखल पार कानात. आम्ही परतलो तेव्हा बायकोने मला आवाजावरून ओळखलं! साधा गॉगल पुरत नाही, डोळे बाजूनेही झाकणारा चष्मा आणि तोंडाला ओला रुमाल हवाच.

बग्गीला बहुतेक वेळा क्लच नसतो, त्यामुळे चालवणं सोपं वाटतं. खरी गंमत वळणावर कळते. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात शिरल्यावर नव्हे. आणि बग्गी कलली की आधाराला हात बाहेर काढायची ऊर्मी येते, ती आवरा. स्टिअरिंग घट्ट धरा, शेजारच्यालाही हात आत ठेवायला सांगा. हात चिरडतो तो नेमका असाच.

निघण्याआधी बग्गीभोवती फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढा. माझ्याकडून आधीच फुटलेल्या दिव्याचे पैसे उकळले होते, अजून डोक्यात जातं.

वाटेत कॉफी-कोको चाखवतात, विकत घ्यायलाच हवं असं नाही. मामाहुआना म्हणजे सालीमुळ्या घातलेली रम आणि वाइन, ती गाडी परत दिल्यावर. वाटेत एका गुहेत थांबतात, तिथल्या पाण्यात उतरताना पायऱ्या निसरड्या असतात, जपून.

याच सहलीतल्या माकाव किनाऱ्यावर मात्र पोहायची घाई नको. जवळच्या बावारो किनाऱ्याला प्रवाळाची भिंत लाटा अडवते, इथे अटलांटिक मोकळा आहे आणि पाण्याला ओढ असते.