रिकाम्या थेंबाचीही नोंद लागते

प्रश्न : मुलगी एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, ६८ टक्के आहेत. प्रोजेक्टला प्रथिनांचे स्फटिक वाढवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या जुन्या नोंदी एकसारख्या करण्याचं काम दिलंय. या कारकुनीतून पुढे काय? तिला बँकेच्या परीक्षेला बसवायचं ठरवलंय, फॉर्मही भरलाय.
– एक पालक, सांगली

उत्तर : ६८ टक्क्यांचं राहू द्या. मला खटकलं ते ‘बसवायचं ठरवलंय’. ठरवलं कुणी? अख्ख्या पत्रात मुलीचं एक वाक्य नाही. काम तिला नेमून दिलं की तिनं मागून घेतलं, तेही तुम्हाला माहीत दिसत नाही. बँकेची नोकरी वाईट नाही. पण फॉर्म तिनं भरायचा असतो.

आता ‘कारकुनी’. प्रथिनाचा थेंब दुसऱ्या एका द्रावणात मिसळून ठेवतात, जमलं तर त्यात स्फटिक वाढतो. त्या द्रावणाबद्दल वहीत लिहिलेलं असतं : ट्रिस (पीएच, म्हणजे आम्लता, राखणारा बफर), पीएच ८.५, पेग ३३५० (प्रथिनाला द्रावणाबाहेर ढकलणारं रसायन) – २० टक्के. कारकून ते जसंच्या तसं उतरवेल. जाणकार विचारेल, पीएच मोजला कुठल्या तापमानाला? २५ अंशांवर ८.५ असलेलं ट्रिस ४ अंशांच्या खोलीत ९.१ च्या आसपास जातं, आणि तेवढ्यानं स्फटिकाऐवजी साका मिळू शकतो. २० टक्के वजनाचे की आकारमानाचे? पेग ३३५० घन, पेग ४०० द्रव, हिशेब वेगळा. थेंबात प्रथिन आणि द्रावण १:१ होतं की २:१? आणि प्रथिन स्वतः कुठल्या बफरमध्ये होतं? हा शेवटचा रकाना हमखास कोरा सापडतो. प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रथिनांच्या रचनांचा जागतिक संग्रह, १९७१ पासून आहे, पण स्फटिक कशात वाढला हे तिथेही बहुधा मोकळ्या मजकुरात, ज्याला सुचेल तसं लिहिलेलं असतं. फसलेले थेंब तर तिथे पोचतच नाहीत. २०१८ च्या ‘मार्को’ प्रकल्पात थेंबांच्या सुमारे ४ लाख ९३ हजार चित्रांवरून संगणकाला स्फटिक ओळखायला शिकवलं, ते चार गट करून : स्फटिक, साका, स्वच्छ, इतर. नुसत्या यशस्वी थेंबांवर ते शिकवता आलं नसतं.

जागा थोड्या आहेत, हे लपवत नाही. पीएच.डी.साठी नेट-गेट आहेतच. डेटा बँकांमध्ये बायोक्युरेटर, म्हणजे अशा नोंदी तपासून नीट लावणारे जाणकार, लागतात, फरिदाबादला इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर आहे. सोबत पायथॉन ही संगणकाची भाषा हवी.

पण निर्णयाआधी तिला एक करू द्या. वहीतली २४ खळग्यांची (‘वेल’ची) एक जुनी प्लेट घ्यायची, एका खळग्याला एक ओळ. प्रथिनाचं प्रमाण मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये, त्याचा बफर, दोन्ही द्रावणांचे मायक्रोलिटर, तापमान, प्लेट लावल्याची तारीख, पाहिल्याची तारीख, काय दिसलं. स्वच्छ थेंबही लिहायचा. वहीत नसेल तिथे ‘नोंद नाही’. अंदाजानं भरलेला आकडा पुढे खऱ्यासारखाच वापरला जातो. दोन संध्याकाळी पुरतील. कंटाळली, तर बँकेचं बोलू.

पुढचं पत्र मात्र तिला लिहू द्या. टक्के नकोत, कुठल्या रकान्यात अडली तेवढं कळवू दे.