सुई पोटाला, ठणका कमरेला

प्रश्न : केमोनंतर आईचे न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ४०० पर्यंत उतरले. पोटावर इंजेक्शनं सुरू झाली आणि तिची कंबर ठणकू लागली. असं का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : कमरेच्या हाडातला मगज कामाला लागलाय म्हणून. इंजेक्शनात जी-सीएसएफ हे प्रथिन असतं. मगजातल्या कोवळ्या पेशींवर त्याचे रिसेप्टर, म्हणजे निरोप झेलणारी प्रथिनं, असतात. प्रथिन चिकटलं की दोन रिसेप्टर जोडीने एकत्र येतात, आत जॅक नावाची एन्झाइम्स जागी होतात आणि पेशीच्या केंद्रकाला निरोप पोचतो : वाढा, न्यूट्रोफिल व्हा. माझ्या वडिलांना तर या ठणक्याने चतुर्थीची माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची आरास) बांधायलाही उठवेना. दुखण्यावर मनाने गोळी देऊ नका, ताप झाकला जातो आणि संसर्ग कळत नाही. १००.४ फॅरनहाइट दिसला, तर मध्यरात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.