'१९८४' वर्गात पहिल्यांदा घेताय ना, मग हे वाच

पहिल्याच तासाला लेखक जॉर्ज ऑर्वेलचं चरित्र, हुकूमशाहीचा इतिहास वगैरे फळाभर लिहीत बसू नकोस, पोरं तिथेच गळतात. कादंबरी १९४९ ची आहे एवढं सुरुवातीला पुरतं. मी काय करते, त्यांना सांगते की काल दिवसभर तुम्ही कुठे होतात, काय शोधलंत, कोणाशी बोललात हे कोणाकोणाला कळलं असेल याची यादी वहीत काढा, आणि ती मला दाखवायची नाही बरं का. हे शेवटचं फार महत्त्वाचंय, प्रायव्हसी शिकवताना आपणच त्यांच्या खासगी गोष्टी उकरल्या तर काय अर्थ राहिला!

मग सरळ डायरीचा प्रसंग मोठ्याने वाच. कादंबरीचा नायक विन्स्टन कोनाड्यात सरकून बसतो कारण तिथे टेलिस्क्रीनला, म्हणजे घरात लावलेल्या पाळत ठेवणाऱ्या पडद्याला, तो दिसत नाही, आणि तो पडदा त्याला पूर्ण बंद करताच येत नाही, आवाज फक्त कमी होतो. इथे थांब, घाई नको. माझ्या वर्गात एक मुलगी म्हणाली, मॅडम, दिसत नसला तरी ऐकू तर येतच असेल ना? येतंच, आणि वर्ग एकदम गप्प झाला.

सेन्सॉरशिपसाठी विन्स्टनची जुने पेपर बदलायची नोकरी घे. एक बातमी दे, चार शब्द बदलायला लाव, मूळ कागद फाडून टाक आणि आठवड्याने विचार, आधी काय होतं? न्यूस्पीक, म्हणजे कादंबरीतल्या सरकारने शब्द छाटून बनवलेली भाषा, नंतर बघू. शेवटचा छळाचा भाग मात्र स्वतः आधी नीट वाचून ठेव, काही मुलांना तो झेपत नाही, त्यांना अगोदरच कल्पना दे.