फ्लुओरेसन्सचा फुलांशी संबंध नाही

प्रश्न असा: "न रंगवलेली पांढरी लोकर अतिनील दिव्याखाली निळसर उजळते. हे लोकरीचं 'फ्लोरेसन्स' की परावर्तन? आणि उन्हाने त्यात फरक पडतो का?"

'फ्लोरेसन्स' तर मुळीच नाही! तो फुलांचा बहर झाला. हा चुकीचा शब्द चांगल्या शिकलेल्यांच्या तोंडीही सर्रास ऐकू येतो. हवा तो शब्द 'फ्लुओरेसन्स', आणि त्याचं मूळ लॅटिन 'फ्लुएरे', म्हणजे वाहणे. मुळात त्याचा प्रकाशाशी काडीचा संबंध नाही. धातू गाळताना भट्टीत एक खनिज टाकत, त्याने मळी पातळ होऊन वाहू लागे. म्हणून ते फ्लुओरस्पार. ओपलवरून ओपलेसन्स, तसा या खनिजावरून फ्लुओरेसन्स हा शब्द केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी 1852 साली घडवला. टूथपेस्टमधलं फ्लुओराइड याच घराण्यातलं. इतकंच काय, आपला फ्लू, म्हणजे इन्फ्लुएंझा, तोही याच 'वाहण्या'तून आलेला: ताऱ्यांचा प्रभाव माणसात वाहत येतो, या जुन्या समजुतीतून.

परावर्तन म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की स्टोक्स यांनीही आधी 'परावर्तन' असलेलीच संज्ञा वापरली होती आणि ती त्यांनाच रुचली नाही. परावर्तनात आलेला प्रकाशच माघारी फिरतो. इथे लोकरीत शिरतो 365 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा किरण. बाहेर पडतो अधिक तरंगलांबीचा, निळा. हेच फ्लुओरेसन्स.

मराठीत त्याला स्वच्छ 'प्रतिदीप्ती' म्हणावं. 'अनुस्फुरण' लिहिणाऱ्या कोशकारांशी माझं भांडण आहे. 'अनु' म्हणजे मागून. पण ही दीप्ती दिवा मालवताच संपते. मागे रेंगाळते ती स्फुरदीप्ती, म्हणजे फॉस्फरेसन्स. जो उपसर्ग तिला शोभला असता, तो हिच्या गळ्यात कशासाठी?

उन्हाने फरक पडतो, आणि तो दुहेरी असतो. लोकर ज्या प्रथिनाची असते त्या केराटिनमधल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची प्रतिदीप्ती 350 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे नजरेबाहेरची. उन्हातल्या अतिनील किरणांनी ट्रिप्टोफॅन मोडतो, तशी ती घटते. मोडून काय्न्युरेनिनसारखी द्रव्यं तयार होतात. त्यांची प्रतिदीप्ती मात्र दिसणारी असते. लोकर पिवळी पडण्यातही त्यांचा हात असतो, आणि ओली लोकर उन्हात आणखी लवकर पिवळते. स्वतः पाहायचं असेल तर साबणपूड न लागलेली लोकर घ्या. पुडीतली शुभ्रकारक द्रव्यं स्वतःच निळी प्रतिदीप्ती देतात, मग दिसतं ते लोकरीचं राहत नाही.